रविवारचा वर्ग, सोमवारचा शिक्षक

संडे स्कूलच्या शिक्षकांचं शिबिर असलं की प्रश्न ठरलेले असतात. लहान मुलांना गोष्ट किती वेळ सांगावी, चित्रांचे तक्ते कुठे मिळतात, मोठी मुलं वर्गात मोबाइल घेऊन बसतात त्यांचं काय करायचं, मे महिन्यातल्या व्हीबीएससाठी नवीन कृतिगीतं कोणती. सगळे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं मिळण्यासारखी आहेत. मी माणूस म्हणून कसा आहे, कशी आहे आणि त्याचा या मुलांवर काय परिणाम होतो आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. मंडळीत शब्बाथ शाळा चालवणाऱ्या ताई-दादांसाठी, वसईत किंवा गोव्यात मुलांकडून पहिल्या कम्युनियनची तयारी करून घेणाऱ्या धर्मशिक्षकांसाठी आणि या सगळ्यांची नेमणूक करणाऱ्या पाळक, फादर आणि पंचांसाठीही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. मुलं शिक्षकाचं बोलणं आपल्या बोलण्यात घेतात आणि शिक्षकाचं वागणं आपल्या वागण्यात. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी त्यांच्यात उतरतात. म्हणून वर्ग उत्तम चालला, वचनं पाठ झाली, स्पर्धेत बक्षिसं आली, तरी मुलांच्या जगण्यात काही बदललं असेलच असं धरून चालू नका.

याला मानसशास्त्राचा आधार आहे. 1970 मध्ये जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक या संशोधकांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांनी एक खेळ पाहायचा. खेळणारा त्यात बक्षिसं जिंकतो. शेजारी गरीब मुलांसाठी दानाची पेटी ठेवलेली असते. काही वेळा खेळणारा दान करावं असं बोलतो आणि स्वतः टाकतोही. काही वेळा तो बोलतो, पण टाकत मात्र काहीच नाही. मग मुलाची खेळायची पाळी येते. मुलाने पेटीत टाकलं की नाही, हे समोरच्याने काय केलं यावर ठरलं. त्याच्या उपदेशाने त्यात फारसा फरक पडला नाही. पुढे इतरांनी केलेल्या अशाच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दिसली, आणि धर्मशिक्षकाने खरी धास्ती घ्यावी ती तिची. एक बोलणारा आणि दुसरंच करणारा मोठा माणूस समोर असला, तर मुलंही तसंच करतात. दानाबद्दल छान बोलतात आणि पेटीत काही टाकत नाहीत. म्हणजे ढोंगी शिक्षकाकडून मुलं काहीच शिकत नाहीत असं नाही. ती ढोंग शिकतात, आणि चांगलं शिकतात.

पवित्र शास्त्राला हे नवीन नाही. मत्तयाच्या 23व्या अध्यायात प्रभू शास्त्री-परुश्यांची शिकवण नाकारत नाही. त्यांच्या वागण्यापासून लोकांना सावध करतो. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, तेव्हा पुष्कळांनी या कामाला पुढे होऊ नये, असं याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बजावतो. आणि पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा काय शिकलास एवढीच आठवण करून देऊन थांबत नाही, कोणाकोणाकडून शिकलास हेही आठवायला लावतो. त्याच पत्राच्या सुरुवातीला तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं येतात. त्यांनी कोणता धडा कसा घेतला याबद्दल तिथे अवाक्षर नाही; त्यांच्या ठायी जो विश्वास होता, त्याचा उल्लेख आहे.

आपल्याच इतिहासातलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या. ही साधी विद्यार्थिनी नव्हती. संस्कृत शास्त्रांत मुरलेली, वाद घालायला कधी न कचरणारी विदुषी. ख्रिस्ती सिद्धांतांवरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. त्यात रमाबाई शेवटपर्यंत कितीतरी मुद्द्यांवर अडून बसलेल्या दिसतात, चर्चच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं निमूट मान्य करायला तयार होत नाहीत. मग त्यांचं मन वळलं कशाने? त्यांनीच आपल्या साक्षीत ते लिहून ठेवलं आहे. सिस्टरांनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला एक काम पाहायला पाठवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे ठेवून घेत, त्यांची सेवा करत, त्यांना उभं करत. असल्या स्त्रियांकडे कोणी अशा मायेने पाहू शकतं हे रमाबाईंनी त्याआधी पाहिलं नव्हतं. तुम्ही हे का करता, असा प्रश्न त्यांना पडला. आणि त्यावर योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांच्यापुढे आली.

यातला क्रम पाहा. आधी आचरण, त्यातून प्रश्न, आणि मग धडा. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. धडा आधी सांगतो, प्रश्न आपणच विचारतो, त्याची उत्तरंही पाठ करून घेतो, आणि आचरण मुलांच्या घरी सोडून देतो. याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींबरोबर आयुष्य काढलं, बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ते बायबल त्यांच्या पश्चात, 1924 मध्ये बाहेर पडलं. केडगावच्या मुलींपुढे जे रोज होतं ते पाहता, वेगळ्या नीतिपाठाची गरज किती उरली असेल?

आता आपल्या वर्गाकडे येऊ. शिक्षकाचं शील कुठे दिसतं असं विचारलं तर आपल्या डोळ्यांपुढे मोठी पापं येतात: दारू, व्यभिचार, अफरातफर. मुलांना मात्र ते फार साध्या जागी दिसतं, आणि वर्षभरातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे नाताळचं नाटक.

नोव्हेंबर उजाडला की तालमी सुरू होतात. मरिया कोण होणार हे बऱ्याच ठिकाणी न बोलताच ठरलेलं असतं. मुलगी गोरी हवी, केस लांब हवेत. वडील पंच किंवा ट्रस्टी असले तर आणखी सोपं. सावळी, किडकिडीत मुलगी मेंढपाळांत जाते. अडखळत बोलणारा मुलगा घोंगडी पांघरून मागे उभा राहतो, त्याला एकही वाक्य नसतं. देवदूतांसाठी पांढरा फ्रॉक आणि पंख घरून आणायचे असतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला ते परवडत नाही, म्हणून तिची मुलगी ‘या वर्षी नको’ म्हणून स्वतःच बाजूला होते. आणि हे सगळं नाटक कशाबद्दल असतं? ज्याच्या आईबापांना उतारशाळेत जागा मिळाली नाही आणि ज्याला गव्हाणीत ठेवावं लागलं, त्या बाळाबद्दल. संवाद कितीही सुंदर लिहा, मुलांना त्या महिनाभरात पक्कं समजतं की देवाच्या घरीसुद्धा पुढची जागा कोणाला मिळते.

हे बदलणं अवघड नाही, फक्त आधी ठरवावं लागतं. भूमिका चिठ्ठ्या टाकून द्या. किंवा नाझरेथची मरिया एक, बेथलेहेमची दुसरी, असे प्रवेश वाटून द्या. कपडे मंडळीच्या खर्चाने शिवून एका पेटीत ठेवा. दरवर्षी तेच सगळ्यांनी वापरायचे. अडखळणाऱ्या मुलाला एक छोटं वाक्य द्या आणि त्याच्यासाठी तालमीत थांबा. तो बोलत असताना दुसरं कोणी हसलं तर तुम्ही काय करता, हे सगळा वर्ग पाहत असतो. पंचांनी ‘आमच्या मुलीला जरा बघा’ म्हटलं तर नम्रपणे, पण मुलांच्या देखत सांगा की चिठ्ठ्या टाकल्या आहेत. तालमीत आरडाओरडा करू नका. नाटक थोडं फसलं तर काही बिघडत नाही. मुलांना ‘तुमच्यामुळे सगळं वाया गेलं’ असं ऐकावं लागलं, तर मात्र त्यांचा तो नाताळ वाया जातो.

दुसरी जागा पैशांची. लूकच्या 19व्या अध्यायातला जक्कय मुलांचा लाडका; उंबराच्या झाडावर चढणारा ठेंगू माणूस त्यांना फार आवडतो. चौपट परत करण्याचं त्याचं वचनही ती पाठ म्हणतात. त्याच आठवड्यात वर्गाची सहल निघते. एसटीत बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. तेरा वर्षांच्या मुलाला शिक्षक हळूच सांगतो, कंडक्टरने विचारलं तर अकरावं चालू आहे म्हण. वाचलेले पैसे शिक्षक स्वतःच्या खिशात घालत नाही, त्यातून मुलांनाच भेळ देतो. तरी त्या मुलाने जक्कयाचा धडा कायमचा बाजूला ठेवलेला असतो. त्याला कळतं की प्रामाणिकपणा ही गोष्ट सांगायच्या वेळी असते, तिकीट काढायच्या वेळी नसते. शिवाय हे आपल्याला आवडत्या शिक्षकानेच करायला सांगितलं, याचं ओझं तो कोणाला सांगूही शकत नाही.

म्हणून पैशांच्या बाबतीत जरा जास्तच काटेकोर राहा. सहलीचा जमाखर्च परत आल्यावर फळ्यावर लिहा: किती जमले, बसला किती गेले, खाण्यावर किती, उरले किती आणि ते कोणाकडे आहेत. वर्गातल्या दानाचंही तसंच. मुलांनी आणलेली नाणी त्यांच्यासमोर मोजा आणि ती कुठे गेली ते पुढच्या महिन्यात सांगा. मोठ्या मुलांपैकी एखाद्याला हिशेबाची वही द्या. दहा वर्षांच्या मुलाला हिशेब विचारायची सवय लागली, तर पुढे मंडळीच्या वार्षिक सभेत त्याचा उपयोगच होईल.

तिसरी गोष्ट, वर्गातल्या मागच्या मुलांची. प्रत्येक वर्गात एक मूल असतं ज्याला वचन पाठ होत नाही, जे उशिरा येतं, ज्याच्या अंगाला वास येतो, जे दुसऱ्याला चिमटे काढतं. शिक्षक त्याच्याशी कसा वागतो यावरून बाकीची मुलं देवाबद्दलचं आपलं मत बनवतात. माझ्या मते धर्मशिक्षकाची पारख करायची तर त्याचं वाचन किंवा गाणं पाहू नये, हे एक पाहावं. पाठांतराचे स्टिकर भिंतीवर लावत असाल तर ज्याच्या नावापुढे एकही स्टिकर नाही त्याला दर रविवारी काय वाटत असेल याचा विचार करा. त्याला एकट्याला पाच मिनिटं द्या. वचन त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या. घरी आई-बाप नीट नसतील, वडील पीत असतील, तर ते चारचौघांत विचारू नका.

मुलाच्या बोलीला हसू नका. कादोडी, वाडवळी, भिली, कोकणा बोलणारी मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत, याचं कारण बहुधा कोणीतरी कधीतरी हसलेलं असतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि साष्टीतल्या लोकांत राहून त्यांच्या भाषा इतक्या शिकला की 1616 मध्ये त्याचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापून निघालं. शिकणाऱ्याकडे चालत जाण्याची तयारी ही शिक्षकाच्या शीलातलीच गोष्ट आहे. आणि आपल्या मंडळ्यांत उघडपणे बोललं जात नाही असं एक: आडनाव ऐकून ‘मूळचे कुठले, कोणापैकी’ हे काढण्याची सवय बाप्तिस्म्याने धुऊन गेलेली नाही. एखाद्या मुलाला उद्देशून ‘त्यांच्यात असंच असतं’ असं शिक्षकाच्या तोंडून एकदा निसटलं, की ख्रिस्तात सगळे एक हा धडा त्याने पुन्हा घेऊ नये. आधी स्वतःशी आणि देवाशी तो हिशेब मिटवावा.

मुलांचे अवघड प्रश्न ही आणखी एक कसोटी. आजीसाठी आम्ही रोज प्रार्थना केली, तरी ती का वारली? शेजारचा माझा मित्र ख्रिस्ती नाही, त्याचं काय होणार? इथे शिक्षक घाबरतो, आणि घाबरलेला माणूस भराभर उत्तर देतो. देवाची इच्छा होती, प्रार्थनेत विश्वास कमी पडला असेल, असले प्रश्न विचारायचे नसतात. यातलं दुसरं उत्तर तर क्रूर आहे. आजी आपल्यामुळे गेली असा अर्थ मूल त्यातून काढू शकतं. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणा. आजी गेल्याचं वाईट वाटतं हे म्हणा. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला होता हे सांगा. फादरांना किंवा पाळकसाहेबांना विचारून पुढच्या रविवारी सांगेन असं म्हणालात, तर पुढच्या रविवारी आठवणीने सांगा. मूल विसरलं असेल अशी आशा धरू नका, ते विसरत नाही.

शेजारच्या मित्राबद्दलच्या प्रश्नावर तुमच्या मंडळीची शिकवण जी असेल ती सांगा, पण स्वर जपा. आपली मुलं हिंदू, बौद्ध, मुसलमान मुलांबरोबर एका बाकावर बसतात, डबा वाटून खातात. त्यांच्या मित्रांच्या देवांची, सणांची टिंगल करून मुलांचा विश्वास पक्का होत नाही. फक्त दोन चेहरे तयार होतात, एक चर्चमधला आणि एक शाळेतला. पुढे कॉलेजात गेल्यावर त्यांतला कोणता टिकतो, ते आपण पाहतोच.

इतकं वाचून एखादी ताई म्हणेल, मग मी हा वर्ग सोडलेलाच बरा. मला राग येतो, घरची ओढाताण असते, कधी कधी माझीच प्रार्थना होत नाही. तसं करू नका. मुलांना निर्दोष शिक्षक लागत नाही. नारायण वामन टिळकांचंच पाहा. त्यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधल्या वर्षांत त्या आधी दूर राहून आणि नंतर त्यांच्या संसारात परत येऊन या माणसाला पाहत होत्या. टिळकांनी आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे की टिळक काही शांत संत नव्हते. तापट होते, लहरी होते, हातचं देऊन टाकून घरात अडचण करून ठेवणारे होते. लक्ष्मीबाईंनी यातलं काही झाकलेलं नाही. पण तो माणूस जे मानत होता तेच जगत होता, रागासकट. मुलांनाही इतकंच पुरतं.

राग आला आणि एखाद्या मुलाला नको ते बोललात, तर माफी मागा. ती कशी मागता याला महत्त्व आहे. सगळ्यांसमोर बोलला असाल तर सगळ्यांसमोरच मागा. ‘तू तसं केलंस म्हणून मी रागावले’ असली पुस्ती जोडू नका. रडू नका, आपल्या अडचणी सांगत बसू नका. मुलाने तुमचं सांत्वन करायचं काय कारण? ‘मागच्या रविवारी मी तुला मूर्ख म्हटलं. ते चूक होतं. मला माफ कर.’ एवढं म्हणा आणि धड्याकडे वळा. पश्चात्ताप म्हणजे काय, हे वर्षभरातल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा या तीन वाक्यांत मुलांना जास्त कळतं. पेत्राने प्रभूला नाकारलं होतं आणि तरी मेंढरं त्याच्याच हाती सोपवली गेली, ही गोष्ट मग त्यांना परकी वाटत नाही.

वर्गाबाहेरचं आयुष्यही मुलांच्या नजरेतच असतं. मिशन कंपाउंडात किंवा एखाद्या गावठाणात तर शिक्षकाला लपायला जागाच नसते. रविवारी क्षमेवर बोललेले दादा सोमवारी रिक्षावाल्याची आई-बहीण काढताना दिसतात. ताईंच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर सकाळी वचन असतं आणि दुपारी कोणाला तरी टोमणा. मंडळीची निवडणूक, ट्रस्टचे वाद, जमिनीचे खटले यांत मोठी माणसं दोन गटांत वाटली जातात आणि शिक्षक वर्गात येऊन दुसऱ्या गटातल्या पंचांबद्दल बोलतो. त्या पंचांचा मुलगा समोरच बसलेला असतो. तुमचं मत असू द्या, सभेत ठामपणे मांडा. मुलांच्या वर्गात ते नको, आणि त्या मुलाशी वागण्यात तर मुळीच नको.

एक साधी सवय मला उपयोगाची वाटते. येत्या रविवारचा धडा शनिवारी रात्री वाचू नका, सोमवारी वाचा. शिकवण्यासाठी वाचू नका, स्वतःसाठी वाचा. तो उतारा आपल्याला या आठवड्यात काय करायला लावतो आहे ते पाहा आणि त्यातलं एक तरी करा. शेजाऱ्यावर प्रेम हा धडा असेल तर ज्या शेजाऱ्याशी बोलणं बंद आहे त्याच्या दारात जाऊन या. रविवारी याचा उल्लेख वर्गात केलाच पाहिजे असं नाही; बहुतेक वेळा करूच नये. पण ज्याने तो धडा आठवडाभर अंगावर घेतला आहे त्याच्या आवाजात फरक पडतो, आणि मुलांना तो ओळखू येतो.

आता एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. शील म्हणजे केवळ नाव चांगलं असणं नव्हे. मुलांवर अत्याचार करणारा माणूस पुष्कळदा सगळ्यांचा लाडका, मुलांत रमणारा, प्रार्थनेत पुढे असणारा असतो. म्हणून ‘तो तसा नाहीच’ या विश्वासावर मुलांची सुरक्षितता सोडू नका. वर्गाचं दार उघडं ठेवा. एका मुलाबरोबर एकटं बसण्याची वेळ आली तर दुसऱ्यांना दिसेल अशा जागी बसा. मागच्या मुलाला द्यायची ती पाच मिनिटंसुद्धा तशीच. सहलीला आणि मुक्कामाच्या शिबिराला किमान दोन मोठी माणसं, आणि मुली असतील तर त्यांत बाई हवीच. मुलांना रात्री-अपरात्री खासगी मेसेज पाठवू नका. जे कळवायचं ते पालकांच्या गटावर. ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ असं कोणत्याही मुलाला कधीही सांगू नका. हे नियम स्वतःला लावून घ्यायला जो शिक्षक कुरकुरतो, त्याच्याकडे मंडळीने दोनदा पाहावं. जो खरोखर चांगला आहे तो ते आनंदाने पाळतो, कारण त्याला स्वतःच्या नावापेक्षा मुलं महत्त्वाची वाटतात.

आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं तर ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा, उलटतपासणी घेऊ नका. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ती दडवली तर त्याला कैदेची शिक्षा होऊ शकते. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. कमिटीत बसून प्रकरण मिटवणं, मंडळीची बदनामी होईल म्हणून कुटुंबाला गप्प बसवणं, त्या शिक्षकाची दुसऱ्या गावी बदली करणं, यातलं काहीही चालणार नाही. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याबद्दल प्रभू बोलला तेव्हा त्याने कोणत्याही संस्थेच्या अब्रूची सवलत ठेवली नव्हती.

शेवटी नेमणुकीबद्दल. कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी 10 मे 2021 रोजी धर्मशिक्षकाच्या कामाला रीतसर सेवापदाचा दर्जा दिला. आपल्या गावपातळीवर मात्र जूनमध्ये कोणी मिळत नाही म्हणून जो दिसेल त्याला उभं केलं जातं. गिटार येतं, इंग्रजी चांगलं आहे, नुकतंच कन्फर्मेशन झालेलं आहे, घरी रिकामाच असतो. पाळकांना आणि फादरांना विनंती आहे की नव्या माणसाला एक वर्ष अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली मदतनीस म्हणून ठेवा. चर्चच्या शिपायाशी तो कसा बोलतो, चूक दाखवली तर कसा वागतो, वेळेवर येतो का, पैशांचा हिशेब न मागता देतो का, हे वर्षभर पाहा. त्याच्या घरच्यांना विचारा, आणि वर्गातल्या मुलांनाही विचारा, तीही सांगतात. जुन्या शिक्षकांनाही वर्षातून एकदा कोणीतरी बसवून विचारावं, तुमचं स्वतःचं कसं चाललं आहे? कित्येक शिक्षकांना हा प्रश्न वर्षानुवर्षं कोणी विचारलेला नसतो. पालकांनीही घरी जेवताना शिक्षकांची टवाळी करू नये, आणि संशय आला तर तो गिळूही नये.

आणि इतकं करूनही योग्य माणूस मिळाला नाही, तर त्या वर्षी तो वर्ग भरवू नका. मुलांना उपासनेत, मिस्सेत, आपापल्या आई-बापांशेजारी बसू द्या. चुकीच्या माणसाच्या हाती वर्ग देण्यापेक्षा ते बरं.